‘मी बाळाला दीड महिना दारू चोळत होते’

माझ्या टेबलावर एका आईने पिशवी रिकामी केली. लोशन, क्रीम, ओले वाइप्स, मसाजचं तेल. बाळ सात आठवड्यांचं, मांडीवर गाढ झोपलेलं. तिचे डोळे मात्र तारवटलेले.

“मॅडम, लोशनवर अल्कोहोल लिहिलंय. मी बाळाला दीड महिना दारू चोळत होते.”

बाटली वाचली. सीटाइल अल्कोहोल आणि सीटोस्टिअरिल अल्कोहोल. नावात अल्कोहोल असलं तरी ही मेणासारखी पांढरी वस्तू. बहुधा पाम किंवा नारळाच्या तेलापासून करतात, लोशन दाट आणि मऊ व्हावं म्हणून घालतात. ती उडून जात नाही, त्वचा कोरडी करत नाही. एखाद्याच बाळाला पुरळ येतं, तेव्हा लोशन बंद करायचं. जपायचं ते इथेनॉल, आयसोप्रोपिल अल्कोहोल, डिनेचर्ड अल्कोहोल या नावांपासून. दुकानात मिळणारं स्पिरिट याच जातीचं. तिच्या पिशवीतल्या एकाही बाटलीवर त्यांतलं काही नव्हतं.

तिचा चेहरा थोडा सैल झाला. मी सवयीने विचारलं, “घरात बाळाला आणखी काय काय लावता?”

“काही नाही. सर्दी झाली की सासूबाई छातीला ब्रँडी चोळतात तेवढंच. घरगुतीच असतं ते.”

या उत्तरावर मी आता चमकत नाही, इतक्या वेळा ऐकलंय. रात्री दोन वाजता मोबाइलच्या उजेडात लेबलं वाचणारी आई कपाटातल्या बाटलीचं लेबल वाचत नाही, कारण ती आजेसासूपासून चालत आलेली असते. ब्रँडीत सुमारे ४० टक्के अल्कोहोल असतं.

पुढच्या खेपेला सासूबाईंनाही बोलावलं. त्या बसायच्या आधीच म्हणाल्या, “माझी तीन पोरं याच ब्रँडीवर वाढली.”

“वाढली ना, आजी. कशासाठी चोळायचात?”

“ऊब यावी म्हणून.”

मी सॅनिटायझरचे दोन थेंब त्यांच्या मनगटावर टाकले आणि फुंकर घालायला सांगितली. त्यांनी घातली, मग माझ्याकडे पाहिलं. “हे तर गार लागतंय गं.”

ब्रँडीचंही तसंच. अल्कोहोल उडताना अंगातली उष्णता घेऊन जातं. तापात स्पिरिटच्या पट्ट्या ठेवतात त्या म्हणूनच, पण तोही धोक्याचा उपाय. कातडी एकदम गार पडली की बाळ कुडकुडतं आणि आतला ताप उलट वाढू शकतो. शिवाय वजनाच्या मानाने बाळाची त्वचा खूप जास्त, त्यामुळे चोळलेलं अंगात शिरतं. बंद खोलीत वाफ श्वासातून जाते ती वेगळीच. बाळ सुस्त पडू शकतं, रक्तातली साखर घसरू शकते. असं चोळल्याने मुलं बेशुद्ध झाल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. चमचाभर पाजणं तर त्याहून वाईट.

तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप आला, तर पट्ट्या ठेवत घरी थांबू नका, लगेच डॉक्टरांकडे. नाळेलाही स्पिरिट लावायचं नाही, कोरडी ठेवायची. सॅनिटायझर आपल्या हातांना चालतं, हात पूर्ण सुकल्यावर बाळाला घ्यायचं, आणि बाटली मुलांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवायची.

“मग सर्दीला काय करू?” आजींनी विचारलं. नाक चोंदलं तर नाकात सलाइनचे थेंब, अंगावर वारं न येणारी जागा, आणि आईचं दूध. श्वास लागला किंवा दूध ओढेना झालं, तर दवाखाना. त्यांना हे फारच साधं वाटलं असावं, पण मान हलवली.

सुनेला मी एकटीला थांबवून झोपेचं विचारलं. दोन तास, म्हणाली, बाळ झोपलं तरी डोळा लागत नाही. ती काळजी लोशनपेक्षा मोठी होती. त्यावर आम्ही आणखी चारदा भेटलो.

लोशन सुरक्षित आहे हे पटूनही तिने ते पुन्हा आणलं नाही. वास आवडत नाही, म्हणाली. सासूबाईंनी ब्रँडीची बाटली सासऱ्यांकडे दिली.