साबुदाण्याच्या उसळीतला ब्राझील

प्रश्न : ताई, माझा मुलगा नोकरीनिमित्त ब्राझीलमध्ये, साओ पाउलोला असतो. 19 एप्रिलला तिथल्या शाळांत आदिवासींचा दिवस साजरा करतात. नातीनं कागदी पिसांचा मुकुट घातला, गालावर लाल पट्टे ओढले आणि फोटो पाठवला. आम्हाला गोड वाटला, पण सुनेची तिथली मैत्रीण म्हणाली, असं करू नये. यात चूक काय? दुसरं म्हणजे, दिवाळीनंतर मी तीन महिने तिकडे जातेय. अ‍ॅमेझॉनमध्ये निसर्गाच्या कुशीत राहणारी माणसं बघायची फार हौस आहे. कसं जमवावं?
— एक आजी, त्रिमूर्तीनगर, नागपूर

उत्तर : नमस्कार. तुमच्या पत्रातल्या ‘बघायची’ या शब्दाशी मी अडले, म्हणून दुसरा प्रश्न आधी घेते.

पंचवीसेक वर्षांपूर्वी, कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत होते तेव्हा, गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यात एका गोंड घरी चैत्रात चार दिवस राहिले होते. घरची बाई अंधारातच मोहफुलं वेचायला निघाली, तिच्या मागे मी. झाडाखाली फुलांचा सडा, तो गोड जड वास, हळूहळू उजाडणारं आभाळ. मी वही काढून लिहायला बसले. तिनं एक टोपली माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाली, “बाई, ऊन चढलं का फूल सुकते. वेचा.” आठ वाजेस्तोवर माझी कंबर धरली. कोणतं झाड कोणत्या घरचं, कुठली फुलं कोणी वेचायची, हे सगळं ठरलेलं होतं. ‘निसर्गाच्या कुशीत’ हे शब्द त्यानंतर मी कधी लिहिले नाहीत. जंगलाशी जवळीक म्हणजे काम असतं, पिढ्यान्‌पिढ्यांनी शिकलेलं.

ब्राझीलमध्येही तेच आहे, आणि त्याची खूण तुमच्या स्वयंपाकघरात आहे. एकादशीला आपण साबुदाण्याची उसळ करतो. साबुदाणा येतो तमिळनाडूतल्या सेलमकडून, पण तो ज्या कंदाचा होतो तो कसावा, म्हणजे ब्राझीलचा मांडिओका. अ‍ॅमेझॉन खोऱ्याच्या नैर्ऋत्येला, रानटी झुडपापासून तिथल्या लोकांनीच हजारो वर्षांपूर्वी तो पिकात आणला. त्यात घालतो ते फल्लीदाणेही दक्षिण अमेरिकेचे. ‘टॅपिओका’ हा शब्द तिथल्या आदिवासींच्या तुपी भाषेतला. ‘काजू’ही तुपीतून पोर्तुगीजांच्या तोंडी बसून आपल्याकडे आला, आणि ‘अननस’सुद्धा त्याच भाषाकुळातला. म्हणजे तिकडच्या आदिवासींचे शब्द आपण रोज बोलतो.

पण खरं कौतुक पुढे आहे. कडू मांडिओका तसाच खाल्ला तर माणूस दगावू शकतो, कारण त्यातून सायनाइड तयार होतं. बाया तो सोलतात, किसतात आणि ओला कीस ‘तिपिती’त भरतात. तिपिती म्हणजे पट्ट्यांची विणलेली लांब नळी. ती आढ्याला टांगून खालून ओढली की विणकामच आवळत जातं आणि रस निथळतो. ना स्क्रू, ना लोखंड! रस ठेवून दिला की तळाशी पिठूळ सत्त्व बसतं, तो टॅपिओका. वरचं पिवळं पाणी खूप वेळ उकळलं की विष जातं आणि आंबट ‘तुकुपी’ तयार होते, बेलेम शहरात तिच्यात बदक शिजवतात. उरलेला चोथा मोठ्या तव्यावर भाजला की ‘फारिन्या’, महिनोन्‌महिने टिकणारं. विषारी कंदाचे तीन पदार्थ, काही वाया नाही. हे ज्या बाईनं पहिल्यांदा शोधलं तिला कोणी पदवी दिली नसेल, पण मी आयुष्यभर वनस्पती शिकवल्या आणि मला यापेक्षा मोठं संशोधन माहीत नाही.

आता नातीचा मुकुट. तिच्यावर रागावू नका, सहा-सात वर्षांच्या मुलीला काय कळणार! पण सुनेची मैत्रीण बरोबर आहे. ब्राझीलच्या 2010 च्या जनगणनेत 305 आदिवासी समाज आणि 274 भाषा नोंदल्या गेल्या. 2022 मध्ये ही माणसं 17 लाखांच्या आसपास होती. कागदी मुकुट यातल्या कोणाचा? कोणाचाच नाही. या दिवसाचं जुनं नाव होतं ‘इंडियनाचा दिवस’. ‘इंडियन’ हे बाहेरच्यांनी या सगळ्यांना दिलेलं एकच नाव. 2022 मध्ये कायदा करून ते ‘आदिवासी लोकसमूहांचा दिवस’ केलं. आपल्याकडचे गोंड स्वतःला कोयतूर म्हणवतात, आपण मात्र सगळ्यांना एकाच नावाखाली लोटतो, तसंच हे.

गालावरच्या रंगालाही अर्थ असतो. लाल रंग येतो उरुकूच्या बियांतून. हेच झाड आपल्याकडे शेंद्री म्हणून बागेत लावतात. काळा रंग येतो जेनिपापो नावाच्या झाडाच्या कच्च्या फळाच्या रसातून. लावताना तो जवळपास पाण्यासारखा असतो, काही तासांनी निळा-काळा चढतो आणि आठवडाभर तरी जात नाही, अगदी आपल्या मेंदीसारखा. 1987 मध्ये ब्राझीलच्या संविधान सभेत आदिवासी नेते आयल्तोन क्रेनाक पांढऱ्या सुटात बोलायला उभे राहिले आणि बोलता बोलता त्यांनी जेनिपापोनं आपला सगळा चेहरा काळा केला. त्यांच्या समाजाच्या दुखवट्याची ती खूण होती. पुढच्याच वर्षीच्या संविधानात कलम 231 आलं आणि परंपरेनं राहत आलेल्या जमिनीवरचा आदिवासींचा मूळ हक्क मान्य झाला. 2023 मध्ये ब्राझीलच्या साहित्य अकादमीनं क्रेनाक यांना सदस्य निवडलं, तिथे पोचलेले ते पहिले आदिवासी. नातीला ही गोष्ट सांगा. रंग कशासाठी लावतात ते तिला कळेल.

कारण सण, रंग, नाच हे सगळं जमिनीवर उभं असतं. अ‍ॅमेझॉनमधल्या यानोमामी समाजाला 1992 मध्ये सुमारे 96 लाख हेक्टरांचा प्रदेश कायद्यानं मिळाला, तरी बेकायदा सोनं काढणारे घुसले, नद्यांत पारा गेला, मलेरिया पसरला आणि जानेवारी 2023 मध्ये सरकारला तिथे आरोग्य आणीबाणी जाहीर करावी लागली. आपल्याकडे धानोरा तालुक्यातल्याच मेंढा (लेखा) या गोंड गावाला 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, तेव्हा धानोऱ्याच्या त्या बाईची आठवण येऊन मी रडले होते.

तुम्ही कुठे जाल? अ‍ॅमेझॉनच्या आदिवासी प्रदेशात समाजाच्या आणि सरकारी परवानगीशिवाय जाता येत नाही, आणि ते योग्यच आहे. पर्यटकांपुढे नाचून दाखवणाऱ्या सहलीत पैसे घालू नका. पिसांचे दागिनेही घेऊ नका, रानपक्ष्यांची पिसं विकणं तिथे बेकायदा आहे. साओ पाउलोतच 2022 मध्ये आदिवासी संस्कृतींचं संग्रहालय उघडलं, त्याच्या कारभारात आदिवासींचाही वाटा आहे. आधी ते बघा. मग, अगोदर विचारून, त्याच शहराच्या कडेला जराग्वा डोंगराखालच्या ग्वारानी आदिवासींच्या वस्तीत जा. 1987 मध्ये त्यांना जेमतेम 1.7 हेक्टर, म्हणजे सव्वाचार एकर जमीन मिळाली होती. एवढ्या दाटीत, महानगराला चिकटून, ते आपली भाषा बोलतात आणि डंख न मारणाऱ्या स्थानिक मधमाश्या त्यांनी पुन्हा आणून पाळल्या आहेत. माझी खात्री आहे, अ‍ॅमेझॉनपेक्षा इथे तुम्ही जास्त शिकाल. नातीला सोबत न्या. कंद सोलायला दिला तर दोघी सोला.

निघण्याआधी 9 ऑगस्टला, जागतिक आदिवासी दिनी, इथल्या कार्यक्रमालाही जाऊन या. नागपूर वसवणारा बख्त बुलंद शाह गोंड राजा होता, नातीला हेही सांगता येईल.

एक व्यवहाराची गोष्ट. ब्राझीलहून परतताना भारतात यलो फीवरच्या लशीचं प्रमाणपत्र मागतात. लस प्रवासाच्या किमान 10 दिवस आधी घ्यावी लागते, पण साठीनंतर ती डॉक्टरांना विचारूनच घ्या. आणि वस्तीत जायच्या दिवशी सर्दी-खोकला असला तर जाणं पुढे ढकला. बाहेरून आलेल्या गोवर आणि फ्लूनं तिकडे गावंच्या गावं रिकामी झाली आहेत.