नर्सिंगच्या वर्गात मागची मुलं सतत बोलतात, लेक्चर ऐकू येत नाही. काय करावं?

तू लिहिलंयस की लातूरला जीएनएमच्या (नर्सिंगच्या डिप्लोमाच्या) तिसऱ्या वर्षाला आहेस, दुपारच्या लेक्चरला मागच्या दोन बेंचवरची सात-आठ जणं अखंड बोलत असतात, मोबाईलवर रील लावतात, आणि तू नुसतं वळून बघितलंस तर तुला 'लई शहाणी' असं नाव पडलं. शेवटी विचारलंयस की लेक्चर सोडून रूमवर बसून वाचलं तर चालेल का. मी मराठवाड्यातल्याच एका सरकारी रुग्णालयात लेबर रूमला काम केलेली नर्स आहे आणि आता जीएनएमच्या मुलींना शिकवते. त्यामुळं हा त्रास बेंचवरूनही बघितलाय आणि फळ्यापासूनही. तू माझ्या विद्यार्थिनींच्या वयाची दिसतेस, म्हणून अगं-तुगं करते, राग मानू नकोस.

रूमवर वाचायचं का, ह्याचं उत्तर आधी देते: नको. इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या नियमाप्रमाणं परीक्षेला बसायला थिअरी आणि प्रॅक्टिकल दोन्हींत ८० टक्के हजेरी लागते, आणि डिप्लोमा हातात पडायच्या आधी क्लिनिकलची, म्हणजे वॉर्डातल्या कामाची, हजेरी १०० टक्के भरून द्यावी लागते. बीएस्सीवाल्यांनाही हेच आहे. दुसऱ्यांच्या गोंधळापायी तुझी हजेरी कमी झाली तर नुकसान तुझंच.

पण हजेरीपेक्षा मोठं कारण वेगळं आहे. तुमचं ह्या वर्षी मिडवायफरी, म्हणजे बाळंतपणाचं नर्सिंग, सुरू असेल. एक्लॅम्पसियाचं, म्हणजे गरोदर किंवा बाळंत बाईला बीपी वाढून येणाऱ्या झटक्यांचं, लेक्चर घे. झटके थांबवायच्या मॅगसल्फचा (मॅग्नेशियम सल्फेटचा) लोडिंग डोस, म्हणजे सुरुवातीचा मोठा डोस, १४ ग्रॅम: ४ ग्रॅम शिरेतून हळूहळू, आणि ५-५ ग्रॅम दोन्ही कुल्ल्यांत खोल. पुढं दर ४ तासांनी ५ ग्रॅम, एकदा ह्या बाजूला, एकदा त्या. पुढचा डोस भरायच्या आधी तीन गोष्टी बघायच्या. गुडघ्याखाली हातोडी मारल्यावर पाय उडतोय का, श्वास मिनिटाला १६ च्या खाली तर गेला नाही ना, आणि मागच्या ४ तासांत लघवी १०० मिली तरी झाली का. तिन्हींतलं एक जरी कमी असलं तर डोस थांबवायचा आणि डॉक्टरांना बोलवायचं. मॅगसल्फ जास्त झालं तर उतारा म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेटचं अँप्यूल ट्रेमध्ये आधीच काढून ठेवायचं. एवढं सगळं पुस्तकात आहे, रूमवर बसून पाठ होईल.

जे पुस्तकात सहसा सापडत नाही ते मॅडमच्या तोंडून आणि हातातून येतं. हातोडी सापडली नाही तर तळहाताच्या कडेनं नेमकं कुठं मारायचं. घाबरलेली बाई पाय ताठ धरते, तेव्हा तिला दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकवून ओढायला लावायचं आणि तेवढ्यात मारायचं, मग पाय मोकळा राहतो. लघवीच्या पिशवीतला आकडा लिहायच्या आधी विचारायचं की ही पिशवी शेवटची रिकामी कधी केली, आणि कुणी केली. हे सांगायला मॅडमला अर्धं मिनिट लागतं, आणि नेमकं त्याच अर्ध्या मिनिटात मागून हसण्याचा आवाज आला तर ते वाक्य गेलंच. रात्रीच्या ड्युटीला तालुक्याच्या दवाखान्यात तू आणि एक आया एवढीच माणसं असशील, तेव्हा ते वाक्य तुला कुणी येऊन सांगणार नाही. म्हणून वर्गात शांतता मागताना मनात जराही अपराधी वाटून घेऊ नकोस. तू नखरे करत नाहीयेस.

आणि कुजबुजीचा त्रास होतो म्हणजे तू फार नाजूक आहेस असंही नाही. फ्लॉरेन्स नाइटिंगेलनं १८५९ साली नर्सिंगवर जे लिहिलं त्यात आवाजावर एक स्वतंत्र प्रकरण आहे. रुग्णाच्या खोलीत कुजबुजत बोलणं हा क्रूरपणा आहे असं ती त्यात स्पष्ट म्हणते, कारण न कळणाऱ्या आवाजाकडं कान आपोआप ताणला जातो. वर्गात तुझं तेच होतं. मागं कुणी मोठ्यानं बोललं तर ते ऐकून सोडून देता येतं, पण अर्धवट ऐकू येणारं बोलणं मन ओढून नेतं. त्यात इलाज एवढाच की त्या आवाजापासून लांब बसायचं. पहिल्या दोन रांगांत बस, पण खडखडणाऱ्या पंख्याखाली नको, आणि दाराजवळही नको.

आता फळ्यापासून काय दिसतं ते सांगते, कारण ते विद्यार्थ्यांना कळत नाही. शिकवणाऱ्या बाईला समोरच्या दोन रांगा माना हलवताना दिसतात आणि तिला वाटतं चाललंय बरं. मागून गुणगुण येते, पण कोण बोलतंय ते पकडता येत नाही. मग ती आवाज चढवते, त्याबरोबर मागचाही चढतो. तिला वर्ग गप्प करायचा असतो, पण पोर्शन संपवायची घाईही असते. अशा वेळी तू उठून "मॅडम, मागं बोलायलेत, ऐकू येईना" म्हणालीस तर मॅडम दोन मिनिटं रागावतील, वर्ग तुझ्यावर चिडेल, आणि पाचव्या मिनिटाला पुन्हा तेच.

त्याऐवजी चुकलेली गोष्ट नाव घेऊन परत माग. "मॅडम, दुसरा डोस द्यायच्या आधी बघायच्या तीन गोष्टी परत सांगता का?" असं विचारलं की मॅडम थांबतात, बहुतेक वेळा फळ्यावर लिहितात, आणि लिहिताना वर्ग गप्प होतो, कारण फळ्यावर आलं म्हणजे परीक्षेला येणार असं मागच्यांनाही वाटतं. तू कुणाची तक्रार केलेली नसते, तरी शांतता मिळते. माझ्या वर्गात एक मुलगी असं विचारायची, आणि तिच्यामुळं माझं शिकवणं सुधारलं हे मी मनापासून सांगते. रोज एकदा विचारलंस तरी पुरे. आणि तरीही काही निसटलं तर वहीत तिथं ओळ सोडून फुली मार आणि त्याच संध्याकाळी मैत्रिणीच्या वहीवरून भरून घे. दुसऱ्या दिवसावर टाकलंस की ती ओळ कोरीच राहते.

बोलणाऱ्यांशी बोलायचंच असेल तर घोळक्याशी बोलू नकोस. घोळक्यात प्रत्येकाला दुसऱ्यासमोर मोठं दिसायचं असतं. त्यांच्यातली एक निवड, जिच्याशी तुझं थोडंतरी बरं आहे, आणि वॉर्डात एकत्र पोस्टिंग असताना किंवा मेसच्या रांगेत तिला एकटीला सांग. "अगं, मागून बोलणं सुरू झालं की मला मॅडमचं काहीच ऐकू येत नाही. मिडवायफरीच्या तासाला तेवढं सांभाळ ना." एवढंच. 'तुम्हाला शिकायचं नसेल तर' असलं काही जोडू नकोस, त्या एका वाक्यानं सगळं बिघडतं.

ही मुलं बोलतात का, हाही विचार कर. तुला त्यांची कीव यावी म्हणून नाही सांगत, कारण कळलं की उपाय बदलतो. आपल्याकडं बहुतेक मुलं दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकलेली असतात, बीड, हिंगोली, परभणीच्या खेड्यांतली. पहिल्या वर्षाला अॅनाटॉमी आणि फिजिओलॉजी एकदम इंग्रजीतून अंगावर येतं. पहिली पंधरा मिनिटं मूल धडपडतं, मग सुटतं, आणि सुटलेलं मूल शेजारच्याशी बोलायला लागतं. तिसऱ्या वर्षापर्यंत ती सवय पक्की होते. मला वाटतं मागच्या बेंचवरची निम्मी गडबड ही न कळण्याची गडबड आहे, पण आपण तिला सरसकट उर्मटपणा म्हणतो.

माझ्या एका बॅचला अशीच एक मुलगी होती. आई-बाप ऊसतोडीला जायचे, ती हंगामी वसतिगृहात राहून शिकलेली. वर्गात सगळ्यांत मोठा आवाज तिचाच. एकदा मी सलाइनचे थेंब काढायचं गणित पूर्ण मराठीत मांडलं. ५०० मिली, ४ तासांत द्यायचं, सेट २० थेंबांचा, म्हणजे एका मिलीचे २० थेंब पाडणारा. म्हणजे ५०० ला २० नं गुणायचं, आलेल्या १०,००० थेंबांना २४० मिनिटांनी भागायचं. "मिनिटाला ४२ थेंब," असं मागून तीच ओरडली, आणि मग घड्याळ लावून थेंब मोजायलाही तीच पुढं आली. त्यानंतर ती गप्प बसायला लागली असं नाही, पण मराठीत समजावलं त्या तासाला तिचं बोलणं विषयावरच असायचं. शिकवणाऱ्यांनी हे करायला हवं, तो तुझा भार नाही. पण हॉस्टेलवर संध्याकाळी तू मराठीत बोलून वाचत असशील तर त्यांतल्या एकीला शेजारी बसू दे. तुझंही पक्कं होईल, आणि तुझ्याकडून शिकणारी मुलगी तुझ्या लेक्चरला सहसा गोंधळ करत नाही.

दुपारच्या सत्राचा दोष वेगळा मोजायला हवा. सकाळी वॉर्डात उभं राहून पाय दुखलेले असतात, मेसचा भात पोटात असतो, एप्रिलमध्ये पारा चाळिशीच्या वर आणि लाइट गेलेली. त्यात गावाहून येणारी मुलं एसटी चुकू नये म्हणून तास संपायच्या वीस मिनिटं आधीच बॅगांच्या चेनी ओढायला लागतात. अशा तासाला देवानं येऊन शिकवलं तरी वर्ग शांत राहणार नाही. मिडवायफरीसारखा विषय सकाळी घेता येतो का, निदान पोस्टिंग नसेल त्या दिवशी, हे सीआरला (वर्गाच्या प्रतिनिधीला) मॅडमच्या कानावर घालायला सांग. वेळापत्रक बदलल्यानं जेवढा फरक पडतो तेवढा रागावून पडत नाही.

एवढं करूनही थांबलं नाही तर मात्र लेखी द्यायला कचरू नकोस. एकटीनं नको, चार-पाच जणींच्या सह्या घे. अर्ज वर्गशिक्षिकेच्या नावे. त्यात कुणाचं नाव घालू नका, म्हणजे ती चुगली होत नाही. कोणत्या तासाला काय ऐकू येत नाही ते लिहा आणि काय हवंय तेही लिहा: दुपारच्या तासाला रोल नंबरप्रमाणं बसवावं, मोबाईल तासापुरते टेबलावर जमा करावेत. मी स्वतः असे अर्ज वाचते, म्हणून सांगते, 'वर्गात शिस्त नाही' एवढंच लिहिलेला अर्ज बाजूला पडतो. नेमकी मागणी असली की कुणालातरी 'हो' किंवा 'नाही' म्हणावंच लागतं.

'लई शहाणी' एवढ्यावर थांबलं तर कानाआड कर, बॅच बदलली की लोक विसरतात. पण अर्जानंतर त्रास वाढला, म्हणजे धमक्या आल्या, हॉस्टेलवर कुणी तुझ्याशी बोलू नये असं ठरवलं गेलं, ग्रुपवर तुझे फोटो टाकून घाण बोललं गेलं, तर तो विषय लेक्चरचा राहत नाही. महाराष्ट्रात १९९९ चा रॅगिंगविरोधी कायदा आहे. चिडवणं, शिव्या देणं, धमकावणं हे सगळं त्यात येतं, आणि लेखी तक्रार आल्यापासून ७ दिवसांत संस्थाप्रमुखांना चौकशी करावी लागते. रॅगिंगविरोधी राष्ट्रीय हेल्पलाइन १८००-१८०-५५२२ ह्या नंबरवर आहे, पैसे पडत नाहीत. घरी आईला किंवा मोठ्या बहिणीला आधी सांग, एकटीनं सोसू नकोस. मेसेजचे स्क्रीनशॉट तारखेसकट जपून ठेव. तक्रार प्राचार्यांच्या नावे दे, ऑफिसात आवक नोंद करून घे, आणि शिक्का मारलेली प्रत हॉस्टेलच्या कपाटात न ठेवता घरी पाठव.