उत्तर आलं, पण कोणत्या प्रश्नाचं?

प्रश्न : पोलादी सळईत उष्णता कशी पसरते यासाठी पायथॉनमध्ये छोटा कोड लिहिला. एक टोक १०० अंशांवर, बाकी सळई २५ वर. ग्रिड (गणितातल्या शेजारच्या बिंदूंमधलं अंतर) १ मिलिमीटर, टाइम स्टेप (दर गणितात वेळ जितका पुढे सरकतो तो) ०.१ सेकंद. काही स्टेपमध्येच तापमान हजारांत आणि मग लाखांत जातं, कुठे अधिक तर कुठे उणे. कोड तीनदा तपासला, चूक सापडत नाही. (अभियांत्रिकीची विद्यार्थिनी, कर्वेनगर)

कोड बरोबर आहे. चुकलीय ती टाइम स्टेप. साध्या पोलादात उष्णता पसरण्याचा गुणांक सेकंदाला सुमारे १२ चौरस मिलिमीटर असतो. त्याला टाइम स्टेपने गुण आणि ग्रिडच्या अंतराच्या वर्गाने भाग. तुझ्या आकड्यांनी उत्तर येतं १.२. या संख्येला 'र' म्हणू.

आता तुझीच ओळ शब्दांत वाच : बिंदूचं नवं तापमान म्हणजे त्याच्या जुन्या तापमानाची (१ − २र) पट, अधिक दोन्ही शेजाऱ्यांच्या बेरजेची र पट. र १.२ असेल तर स्वतःच्या तापमानाला उणे १.४ ने गुणलं जातंय. म्हणजे बिंदू जितका जास्त गरम, तितका पुढच्या क्षणी जास्त थंड! असं पोलाद जगात नाही. एकाआड एक वर-खाली जाणारी नागमोडी चूक तर दर स्टेपला ३.८ पट होते, दहा स्टेपमध्ये सहा लाख पटींच्या वर. सुरुवातीला ती दिसतही नाही, म्हणून कोडमध्ये शोधून सापडत नाही.

र ०.५ च्या आत ठेव, म्हणजे टाइम स्टेप ०.०४ सेकंद घे. ग्रिड अर्धा मिलिमीटर केलास तर ती ०.०१ वर आणावी लागेल. अंतर निम्मं झालं की वेळ चौथाई होतो. हे परवडत नसेल तर क्रँक आणि निकोल्सन यांची १९४७ ची पद्धत वापर. तिच्यात टाइम स्टेप कितीही मोठी घेतली तरी गणित फुटत नाही. मात्र फार मोठी घेतलीस तर गरम टोकाजवळ खोटे हेलकावे दिसतात. गणित फुटलं नाही म्हणून उत्तर बरोबर आलं असं धरू नकोस.

प्रश्न : आमच्या ब्रॅकेटमध्ये आत एक काटकोनी कोपरा आहे. मेश (भागाचे छोटे तुकडे पाडून गणित करायची जाळी) ४ मिलिमीटर ठेवला तर तिथे स्ट्रेस, म्हणजे ताण, १८० मेगापास्कल येतो, २ ला २४७, १ ला ३३८. साहेब विचारतात, रिपोर्टमध्ये कुठला आकडा घालायचा? (डिझाइन इंजिनिअर, चाकण)

यातला एकही घालू नका. तिन्ही आकडे पुन्हा पाहा : मेश निम्मा केला की स्ट्रेस दरवेळी ३७ टक्क्यांनी वाढतोय. पुढे अर्धा मिलिमीटर केलात तर ४६० च्या आसपास येईल, आणि ही वाढ कधी थांबणार नाही. सॉफ्टवेअरचा यात दोष नाही. धारदार आतल्या कोपऱ्यावर लवचीकतेच्या अवकल समीकरणांचं खरं उत्तरच अनंत आहे, आणि काटकोनाजवळ ते ज्या दराने वाढतं, त्या दरातूनच हे ३७ टक्के निघतात. तुमचा मेश अगदी प्रामाणिकपणे अनंताकडे चाललाय.

प्रत्यक्षातल्या ब्रॅकेटला तो धारदार कोपरा नसतोच. कास्टिंग असो की मशिनिंग, तिथे थोडा रेडियस राहतोच. शॉपफ्लोअरवर जाऊन रेडियस गेज लावा, तो आकडा मॉडेलमध्ये घाला, त्या गोलाईवर सात-आठ एलिमेंट (मेशचे तुकडे) बसतील इतका मेश बारीक करा आणि मग तो दोनदा निम्मा करून पाहा. आकडा एका जागी थांबला की रिपोर्टमध्ये लिहा. सोबत तिन्ही मेशचे आकडे द्या. ते न देणारा रिपोर्ट मी तरी मान्य करणार नाही.

हा आग्रह का, तर २३ ऑगस्ट १९९१ रोजी नॉर्वेच्या किनाऱ्याजवळ स्लाइपनर ए या तेल-प्लॅटफॉर्मचा काँक्रीटचा पाया समुद्रात बुडाला. आतल्या पोकळ्यांच्या भिंतींवरचा शिअर स्ट्रेस (कातरणारा ताण) फायनाइट एलिमेंट गणितात, म्हणजे याच तुकडे पाडण्याच्या पद्धतीत, ४७ टक्के कमी आला होता, कारण नेमक्या त्याच जागी मेश ढोबळ होता. नंतर काळजीपूर्वक केलेल्या गणिताने सांगितलं, भिंत ६२ मीटर खोलीवर फुटेल. प्रत्यक्षात ती ६५ मीटरवर फुटली होती. पद्धत तीच होती!

प्रश्न : टॉपॉलॉजी ऑप्टिमायझेशन (कमी मालात ताठ रचना व्हावी म्हणून माल कुठे ठेवायचा हे संगणकानेच ठरवणं) चालवलं, तर निकालात बुद्धिबळाच्या पटासारखे काळे-पांढरे चौकोन आले. सॉफ्टवेअरच्या मते हीच सर्वांत ताठ रचना. खरं मानायचं का? (हिंजवडी)

नाही. चार कोपऱ्यांच्या साध्या एलिमेंटना अशी नक्षी वास्तवापेक्षा ताठ भासते, आणि ऑप्टिमायझर बरोबर तीच फट शोधून तिथे शिरतो. घनतेवर फिल्टर लावा किंवा वरच्या दर्जाचे एलिमेंट घ्या. ग्रेडियंट (प्रत्येक चल किंचित बदललं तर उत्तर किती बदलतं ते) काढायचा कोड स्वतः लिहिला असेल तर दोन-चार चलं किंचित बदलून हाताने ताडून पाहा. ॲडजॉइंट या ग्रेडियंट काढायच्या पद्धतीत चलं हजार असली तरी ग्रेडियंटला एका जादा गणिताइतकाच वेळ लागतो, पण एक चिन्ह चुकलं तर ती तितक्याच वेगाने उलट दिशेला नेते.

प्रश्न : खडकवासल्यातून इतके क्युसेक सोडले असं सांगतात, पण आमच्या सोसायटीत पाणी किती वाजता आणि कुठवर येईल हे कुणी सांगत नाही. इतके मोठे संगणक असून हे का जमत नाही? (निवृत्त शिक्षिका, सिंहगड रस्ता)

तुमचा प्रश्न अगदी रास्त आहे. वाहत्या पाण्याची समीकरणं जुनीच आहेत; सँ-व्हेनां या फ्रेंच अभियंत्याने ती १८७१ मध्ये मांडली. उदाहरणार्थ, ३५,००० क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे ९९० घनमीटर पाणी. चार मीटर खोल पात्रात लाट प्रवाहाच्या वेगापेक्षा सेकंदाला आणखी सहा मीटरहून अधिक वेगाने सरकते. आजच्या संगणकाला हे गणित मुळीच जड नाही.

अडतं ते माहितीपाशी. नदीचं पात्र आज कुठे किती रुंद आहे, पुलाच्या खांबांशी काय अडकलंय, कुठे भराव पडलाय, काठावरच्या झाडी-भिंतींनी पाणी किती अडतं, हे सगळं गणिताला बाहेरून द्यावं लागतं. उपग्रहावरून मोफत मिळणाऱ्या उंचीच्या नकाशांत काही मीटरची चूक असू शकते, आणि तुमच्या पार्किंगमध्ये पाणी येतं की नाही हे अर्ध्या मीटरवर ठरतं. पावसाचंही तसंच. पाषाणच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेत घडलेलं आणि मे २०२५ मध्ये सुरू झालेलं भारत फोरकास्ट सिस्टिम हे हवामान अंदाजाचं मॉडेल ६ किलोमीटरच्या ग्रिडवर चालतं. १२ वरून ६ ही मोठीच झेप आहे, पण त्या एका चौकटीत तुमची अख्खी पेठ मावते.

पानशेत फुटलं त्या १२ जुलै १९६१ च्या आठवणी या शहरात अजून ताज्या आहेत, आणि १९१६ पासून जलविज्ञानाचं काम करणारी केंद्रीय संशोधन संस्था खडकवासल्यातच आहे. म्हणजे जाणकारांची इथे वाण नाही. हवी आहेत ती गल्लीगल्लीतली मापं, आणि तिथे तुम्ही खरोखर मदत करू शकता. मागच्या पुरात पाणी जिथवर आलं तिथे भिंतीवर ऑइलपेंटने रेघ मारा, शेजारी तारीख आणि वेळ लिहा, जमिनीपासून उंची टेपने मोजून फोटो काढा आणि सोसायटीच्या लेटरहेडवर महापालिका व पाटबंधारे खात्याला पाठवा. शेजारच्या दहा सोसायट्यांनाही हेच करायला सांगा. पात्राचा खडबडीतपणा किती धरायचा हे अशाच रेघांवरून ठरवतात, आणि पुढच्या पावसाळ्यापूर्वी त्या मारून झालेल्या हव्यात.