घाई मुलाला नाही, आपल्याला झाली आहे

सप्रेम नमस्कार.

आपले तीन पानी पत्र मिळाले. आपला मुलगा संगणक अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. एका वर्गमित्राला सोबत घेऊन त्याने खासगी संगीत शिक्षकांसाठी तासांचे वेळापत्रक आणि फीचा हिशेब ठेवणारे संकेतस्थळ तयार केले आहे. त्यावर ६४० शिक्षकांनी नोंदणी केली असली, तरी दर आठवड्याला ते वापरणारे जेमतेम ३१ आहेत, आणि या सत्रात मुलाचे गुण ६१ टक्क्यांवर घसरले आहेत. त्याने आता शिक्षण सोडून पूर्ण वेळ याच कामाला लागावे आणि आपण निवृत्तीच्या रकमेतला मोठा वाटा जाहिरातींसाठी द्यावा, की आधी एमबीए करून मग त्याने उद्योगात उतरावे, असे आपण विचारले आहे.

गुणांची मला फारशी चिंता वाटत नाही. चिंता वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. एवढ्या मोठ्या पत्रात मुलाचे स्वतःचे म्हणणे एकाच वाक्यात आले आहे, आणि तेही तक्रार म्हणून: ‘तो म्हणतो, आलेले लोक टिकत का नाहीत ते आधी पाहू द्या.’ त्यापुढे आपण ‘महत्त्वाकांक्षाच कमी’ असा शेरा मारला आहे. माझ्या मते संपूर्ण पत्रातले सर्वांत समंजस वाक्य तेच आहे. मुलगा उतावीळ आणि पालक धास्तावलेले, अशी पत्रे मला नेहमी येतात. येथे गुडघ्याला बाशिंग वडिलांनी बांधले आहे. ‘सरकारी अधिकारी हो’ हा आग्रह जितका जाचक, तितकाच ‘उद्योजक हो’ हाही जाचक असतो. केवळ तो आधुनिक वाटतो म्हणून सुसह्य ठरत नाही.

किंबहुना तो अधिक अवघड असतो. या व्यवसायात चुकीचे काम वेळीच बंद करता येणे ही फार मोठी सोय असते. स्टुअर्ट बटरफील्ड हे उद्योजक आणि त्यांचे सहकारी एक ऑनलाइन खेळ तयार करत होते. तो मार्गी लागेना, तेव्हा त्याच कामातून २००४ मध्ये फ्लिकर हे छायाचित्रांचे संकेतस्थळ निघाले. पुढे बटरफील्ड यांनी ग्लिच नावाचा दुसरा खेळ काढला, तोही २०१२ मध्ये बंद करावा लागला, आणि तो तयार करताना आपसांतल्या संवादासाठी वापरलेल्या साधनातून स्लॅक हे कार्यालयीन संवादाचे साधन उभे राहिले. दोन्ही वेळा त्यांना मूळ कल्पना सोडून देता आली. वडिलांची निवृत्तीची रक्कम ज्या कल्पनेत अडकलेली आहे, ती सोडताना आपल्या मुलाला काय वाटेल, याचा विचार करावा. काम चालत नाही हे त्याला दिसेल, पण आपल्यासमोर ते बोलून दाखवण्याचे धैर्य त्याला होणार नाही, आणि उरलेली रक्कमही त्याच वाटेने जाईल.

शिक्षण सोडण्याच्या समर्थनार्थ आपण बिल गेट्स आणि मार्क झुकरबर्ग यांची नावे दिली आहेत. हा गैरसमज इतका रूढ आहे की त्यावर सविस्तर लिहिलेच पाहिजे. गेट्स हार्वर्डमधून बाहेर पडले तेव्हा त्यांनी आणि पॉल ॲलन यांनी अल्टेअर संगणकासाठी लिहिलेल्या बेसिक या प्रोग्रॅमिंग भाषेला तो संगणक बनवणारी एमआयटीएस ही कंपनी ग्राहक म्हणून मिळाली होती. फेब्रुवारी २००४ मध्ये सुरू झालेल्या फेसबुकचे वापरकर्ते त्याच वर्षाअखेर दहा लाखांवर गेले होते. म्हणजे काम इतके वाढले की शिक्षणाला वेळ उरेना, म्हणून त्यांनी शिक्षण थांबवले. शिक्षण थांबवल्यामुळे काम वाढले नाही. शिवाय उद्योग विशीतच सुरू करावा लागतो, हेही खरे नाही. अमेरिकेतल्या कंपन्यांच्या सरकारी नोंदींवर आधारलेला एक अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सर्वांत वेगाने वाढलेल्या, हजारात एक अशा नव्या कंपन्यांच्या संस्थापकांचे सुरुवातीचे सरासरी वय ४५ आढळले. आपल्या मुलाची वेळ निघून चाललेली नाही.

आता जाहिरातींविषयी. नोंदणी हा आकडा पैसे ओतून वाढवता येतो, आणि म्हणूनच तो फसवा असतो. एखाद्या आठवड्यात आलेल्या शिक्षकांपैकी चार आठवड्यांनंतर किती जण अजून फीच्या नोंदी करत आहेत, हे पाहावे; मग पुढच्या आठवड्यात आलेल्यांचे, मग त्यापुढच्यांचे. हे प्रमाण सुधारत नसेल तर जाहिरातीने ६४० चे ६,४०० होतील आणि त्यांतले बहुतेक तसेच निघून जातील. प्रवाशांना लोकांची घरे भाड्याने मिळवून देणाऱ्या एअरबीएनबी या संकेतस्थळाच्या संस्थापकांनी २००९ मध्ये घरांचे आरक्षण का होत नाही हे शोधताना न्यूयॉर्कमधल्या यजमानांची घरे स्वतः गाठली. छायाचित्रे वाईट होती, म्हणून ती स्वतःच काढून दिली. मुलाने आणि त्याच्या मित्राने सोडून गेलेल्या शिक्षकांना फोन करण्याचे जे काम चालवले आहे आणि ज्याला आपण ‘वेळेचा अपव्यय’ म्हटले आहे, ते याच जातीचे काम आहे.

मित्राबद्दलचे आपले वाक्य मला खटकले. ‘तो प्रोग्रॅमिंग करत नाही, नुसता शिक्षकांशी बोलतो, पुढे त्याला बाजूला करता येईल,’ असे आपण लिहिता. शिक्षकांशी बोलणे हे या उद्योगातले निम्मे काम आहे. दोघांची भागीदारी आताच लेखी करून घ्यावी. वाटा एकदम न देता साधारणपणे चार वर्षांत टप्प्याटप्प्याने देण्याची, आणि पहिल्या वर्षाच्या आत सोडून गेल्यास काहीच न देण्याची पद्धत सर्वत्र रूढ आहे. ती दोघांनाही सारखीच लागू असावी, आपल्या चिरंजीवांनाही.

एमबीएच्या प्रवेश परीक्षा पदवीनंतर केव्हाही देता येतात. पदवीच नसेल तर तो मार्ग बंद होतो, एवढे पुरे.

तेव्हा आपली रक्कम आहे तेथेच राहू द्यावी. मुलाने पदवी पूर्ण करावी आणि त्या ३१ शिक्षकांकडे दरमहा थोडे शुल्क मागून पाहावे; आतापर्यंत सारे फुकट असल्याने त्यांना हे साधन खरोखर हवे आहे की नुसते आवडते, हे कोणालाच कळलेले नाही. दहा-बारा जणांनी खळखळ न करता पैसे दिले तर सर्व्हरचा खर्च तरी त्यातून भागेल आणि पुढचे बोलता येईल. कोणीच दिले नाहीत, तर दोन हुशार मुलांना एक धडा फार स्वस्तात मिळाला, असे समजावे. दोन्हींपैकी काहीही घडले तरी पुढचे पत्र मुलाने स्वतः लिहावे, आणि सोडून गेलेल्या शिक्षकांनी फोनवर सांगितलेली कारणे त्यांच्याच शब्दांत सोबत जोडावीत.