वाचकांचे प्रश्न : आवडता क्रिकेट पॉडकास्ट बंद होताना

प्रश्न : देशी क्रिकेटवरचा माझा आवडता मराठी पॉडकास्ट पुढच्या महिन्यात बंद होतोय. पाऊण-पाऊण तासाचे १६० भाग आहेत. मी ते स्पॉटिफायवर डाउनलोड करून ठेवलेत. नंतरही ऐकता येतील ना?
– एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर : त्या डाउनलोडवर विसंबू नका. स्पॉटिफायमधली फाइल कुलूपबंद असते, अ‍ॅपबाहेर ती वाजत नाही. शिवाय डाउनलोड टिकवायला ३० दिवसांतून एकदा तरी इंटरनेट जोडावं लागतं. कार्यक्रमच तिथून काढला गेला तर तुमच्या फोनवर तो राहील याची काहीच हमी नाही.

मुळात भाग अ‍ॅपमध्ये नसतातच. ते निर्मात्यांनी घेतलेल्या होस्टिंगच्या जागेवर असतात आणि त्या जागेचं बहुधा महिन्याचं किंवा वर्षाचं भाडं असतं. भाडं थांबलं की फाइली जातात. मग अ‍ॅपमध्ये नाव आणि चित्र दिसतं, पण वाजवायला गेलं की आवाज येत नाही. म्हणून हे काम शेवटचा भाग येण्याआधीच सुरू करा आणि तो आल्याच्या आठवड्यात पुरं करा.

कॉम्प्युटरवर जीपॉडर हा मोफत प्रोग्रॅम टाका. पॉडकास्टच्या फीडचा, म्हणजे भागांची यादी ठेवणाऱ्या फाइलचा, पत्ता त्यांच्या वेबसाइटवर मिळतो. तिथे नसेल तर पॉडकास्ट इंडेक्स या पॉडकास्ट शोधायच्या साइटवर नाव शोधा. तो पत्ता जीपॉडरमध्ये टाकला की भागांची यादी येते. डाउनलोड सुरू करण्याआधी यादीच्या तळाशी जाऊन पहिला भाग आहे का ते बघा. काही फीडमध्ये अलीकडचेच ५० किंवा १०० भाग ठेवलेले असतात, आणि हे डाउनलोड संपल्यावरच लक्षात येतं. असं असेल तर निर्मात्यांना आत्ताच लिहा. मर्यादा वाढवणं त्यांच्या हातात असतं, आणि खातं चालू आहे तोवरच.

जागा फार लागत नाही. १२८ केबीपीएसची (सेकंदाला १२८ किलोबिट) एमपी३ फाइल मिनिटाला जवळपास १ एमबी घेते. म्हणजे पाऊण तासाचा भाग ४३ एमबीचा आणि १६० भाग ७ जीबीच्या आत. झाल्यावर फोल्डर आकारानुसार लावून बघा. बाकीचे चाळीसच्या आसपास असताना एखादी फाइल ५ एमबीची दिसली, तर ती अर्धवट उतरली आहे. ती पुसून पुन्हा घ्या. शंका असलेल्या प्रत्येक भागाचं शेवटचं मिनिट ऐका.

आणखी एक गोष्ट बहुतेकांची राहून जाते. फीडचा पत्ता ब्राउझरमध्ये उघडून ते पान तसंच सेव्ह करा. प्रत्येक भागाचं नाव, तारीख आणि खाली लिहिलेली माहिती त्यात असते. कोणत्या भागात कोण पाहुणे होते हे पाच वर्षांनी शोधायला तोच एक कागद उरतो.

कॉम्प्युटर नसेल तर अँड्रॉइडवर अँटेनापॉड हे पॉडकास्ट अ‍ॅप चालेल. ऐकून झाल्यावर भाग आपोआप पुसण्याची सोय त्यात आहे, ती आधी बंद करा. अ‍ॅप काढून टाकलं तर डाउनलोडही जातात. तेव्हा फाइली बाहेर कॉपी करा, आणि एकाच पेनड्राइव्हवर ठेवू नका.

प्रश्न : शेवटच्या भागासाठी श्रोत्यांकडून एक मिनिटाचा ध्वनिसंदेश मागवला आहे. काय बोलावं आणि घरी नीट रेकॉर्ड कसं करावं? घर रस्त्यालगत आहे.
– एक वाचक, लोकमान्यनगर, इंदूर

उत्तर : आधी काय बोलायचं ते. ‘तुमच्यामुळे खूप शिकायला मिळालं’ असं पन्नास जण म्हणतील. तुम्ही एकच भाग निवडा आणि त्यातून तुम्हाला नेमकं काय कळलं ते सांगा. समजा, १९४६-४७ च्या रणजी अंतिम सामन्यावरचा भाग आवडला होता. होळकर संघाविरुद्ध बडोद्याच्या विजय हजारे आणि गुल मोहम्मद यांनी चौथ्या विकेटसाठी ५७७ धावा जोडल्या, हजारे २८८, गुल मोहम्मद ३१९. इंदूरच्या माणसाने आपल्या संघाच्या त्या पराभवाबद्दल बोलणं यात जो जीव आहे, तो कोरड्या आभारांत नाही. किंवा जून २०२२ घ्या. चंद्रकांत पंडितांच्या मार्गदर्शनाखाली मध्य प्रदेशाने मुंबईला हरवून पहिल्यांदा रणजी करंडक जिंकला, तेव्हाचा भाग.

आकडे बोलण्याआधी तपासा. आपल्याकडे एक गल्लत नेहमी होते : सचिनच्या नाबाद २०० धावा ग्वाल्हेरच्या रूपसिंह स्टेडियमवर, २४ फेब्रुवारी २०१० ला. इंदूरच्या होळकर स्टेडियमवर झाल्या त्या सेहवागच्या २१९, ८ डिसेंबर २०११ ला. आणि सचिनचं ते एकदिवसीय क्रिकेटमधलं पहिलं द्विशतक म्हणायचं असेल तर ‘पुरुषांच्या’ हा शब्द जोडा, कारण बेलिंडा क्लार्कने १९९७ मध्येच मुंबईत नाबाद २२९ केल्या होत्या. क्रिकेटवेड्या श्रोत्यांसमोर चुकीचा आकडा गेला तर बाकीचं कोणी ऐकत नाही.

लिहून काढा आणि १२० शब्दांच्या आत बसवा. त्याहून जास्त झालं की माणूस धावत बोलतो.

रेकॉर्डिंग पहाटे करा. रस्त्याकडच्या खिडक्या लावा, पंखा आणि कूलर बंद करा, फोन एअरप्लेन मोडवर टाका. कपड्यांनी भरलेलं कपाट उघडून त्याच्याकडे तोंड करून बोललात तर खोलीचा घुमारा बराच कमी होतो. फोनचा खालचा माइक तोंडापासून वीतभर अंतरावर, पण किंचित बाजूला धरा. अगदी समोर धरला की प, फ, भ या अक्षरांना हवेचा फटका बसतो. ब्लूटूथ इअरफोनचा माइक वापरू नका, आवाज फोनवर बोलल्यासारखा येतो. आवाज हळू आला तर संपादनात वाढवता येतो, फाटलेला आवाज मात्र धड दुरुस्त होत नाही. म्हणून ओरडू नका. सुरुवातीला आणि शेवटी तीन सेकंद गप्प राहा. खोलीतला खरखराट काढायला संपादकाला तेवढी शांतता लागते.

व्हॉट्सअ‍ॅपचं माइकचं बटण दाबून बोलू नका, त्यात आवाज फार दाबला जातो. रेकॉर्डर अ‍ॅपमध्ये रेकॉर्ड करून फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून जोडा. मिनिटभराची मोनो (एकाच चॅनेलची) वेव्ह, म्हणजे न दाबलेली, फाइल जेमतेम ५ एमबीची होते. मागे संगीत लावू नका.

प्रश्न : वडिलांना पेनड्राइव्हच्या स्पीकरवर जुने भाग ऐकायचे आहेत, पण भाग उलटसुलट वाजतात. आणि हेच भाग मंडळाच्या ग्रुपवर टाकले तर चालतील?
– एक वाचक, दांडिया बाजार, वडोदरा

उत्तर : असे बरेच स्वस्त स्पीकर नावाचा क्रम पाहत नाहीत, फाइल ज्या क्रमाने पेनड्राइव्हवर गेली त्याच क्रमाने वाजवतात. पेनड्राइव्ह फॅट३२ या प्रकारात फॉरमॅट करा, नावं ००१, ००२ अशी आकड्यांनी सुरू करा आणि छोट्या गठ्ठ्यांत, क्रमानेच कॉपी करा. स्पीकर बंद केल्यावर थांबलेली जागा विसरत असेल, तर ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या प्रोग्रॅममध्ये प्रत्येक भागाचे १५ मिनिटांचे तुकडे करा. तुकडे सेव्ह करताना बोलण्यासाठी ६४ केबीपीएस मोनो पुरतं.

वडिलांसाठी पेनड्राइव्ह करणं वेगळं आणि ग्रुपवर वाटणं वेगळं. पॉडकास्ट बंद झाला तरी हक्क निर्मात्यांचाच राहतो. त्यांचा ईमेल चालू आहे तोवर लेखी विचारा, आणि आलेलं उत्तर त्या फाइलींसोबतच ठेवा.