अमेरिकेत घरांवरची ख्रिसमसची रोषणाई कमी दिसली, तर मंदी आली असं समजावं का?

थोडंफार, पण जपून. १९७३ चंच बघा. अरब देशांनी तेल रोखलं होतं आणि २५ नोव्हेंबरच्या भाषणात अध्यक्ष निक्सन यांनी घराबाहेरची शोभेची रोषणाई करू नका, असं आवाहन केलं. त्या डिसेंबरात बरीच घरं अंधारात राहिली. पण तो अंधार रिकाम्या खिशाचा नव्हता, ऊर्जाटंचाईचा होता.

शिवाय आता विजेचं गणितच बदललंय. जुना मोठा बल्ब ७ वॉटचा. असे १०० बल्ब रोज ६ तास लावले तर महिन्याला सुमारे १२६ युनिट जळायचे. एलईडीचा तसाच बल्ब एक वॉटही घेत नाही. त्यामुळे हात आखडता असलेलं कुटुंबही गेल्या वर्षीच्या माळा बिनधास्त लावतं, आणि मला तर वाटतं, वाईट दिवसांत मुलांसाठी मुद्दाम लावतं.

खरा फरक दिसतो तो मजुरीत. न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनच्या डायकर हाइट्स या ख्रिसमसच्या रोषणाईसाठी प्रसिद्ध असलेल्या वस्तीत काही घरमालक रोषणाईसाठी व्यावसायिक कंपन्या लावतात. पैशांची चणचण भासली की आधी कात्री लागेल ती या खर्चाला. म्हणून माळा मोजण्यापेक्षा, त्या लावायला शिडीवर कोण चढलंय ते बघा.