यूपीएससी नव्याने सुरू करणाऱ्यासाठी

अरे, पुण्याला क्लास लावायचा का ते नंतर बघ, आधी सिलॅबसची प्रिंट काढून टेबलासमोर चिकटव आणि मागचे दहा वर्षांचे पेपर नुसते वाचून काढ, उत्तरं नाही आली तरी चालेल, प्रश्न कसा फिरवून विचारतात ते कळायला लागतं.

- एका विषयाला एकच पुस्तक. टेलिग्रामवरच्या पीडीएफ जमवण्यात बरीच पोरं महिने घालवतात.
- सीसॅट (प्रिलिमचा, म्हणजे पूर्वपरीक्षेचा, गणित-तर्क-उताऱ्यांचा दुसरा पेपर) हलक्यात घेऊ नकोस. २०० पैकी ६६च्या खाली गेलास तर जीएसला (सामान्य अध्ययनाच्या पेपरला) कितीही मार्क पडू देत, प्रिलिम गेलीच.

ऑप्शनलचं (मेन्ससाठी स्वतः निवडायच्या विषयाचं) आत्ता डोक्यातच आणू नकोस. मराठीतून मेन्स (मुख्य लेखी परीक्षा) द्यायची असेल तर रोज एक पान हाताने लिही, तीन तास सलग लिहिताना बोटं आखडतात. जमेल तुला, अडलं की बिनधास्त विचार.